सोळा आण्यांचे पीक

ज्वारीचे कणीस भरते ते जमिनीची खोली, पावसाचा वेळेवरपणा, बियाणे, कीड आणि कुणब्याचे कष्ट अशा कितीतरी कारणांच्या गुंतागुंतीतून. पण सरकारी दप्तरात या साऱ्या गुंतागुंतीला अखेर एकाच आकड्यात उतरावे लागते, कारण सारा आकारायचा असो, सूट द्यायची असो की दुष्काळ जाहीर करायचा असो, अंमलदाराचा हुकूम निघतो तो आकड्यावर. पिकाचे गणित मांडण्याचा आपल्या देशातील इतिहास म्हणूनच विद्यापीठात सुरू होत नाही. तो जमाबंदीच्या कचेरीत सुरू होतो.

पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनमध्ये प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण उत्पन्न काढून, त्यातून मशागतीचा खर्च वजा करून, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारचा सारा ठरविला. कागदावर हे गणित निर्दोष होते. परंतु त्यात भरलेले उत्पन्नाचे आकडे हाताखालच्या कारकुनांच्या ऐकीव माहितीवर, आणि पुष्कळदा त्यांच्या लाचखोरीवर, उभे होते. परिणामी सारा झेपेनासा होऊन शेते पडीक पडली आणि रयत गाव सोडून जाऊ लागली. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी फेरपाहणी आरंभिली, तेव्हा त्यांनी उत्पन्न मोजण्याचा नाद सोडून दिला आणि माती मोजली. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होय. कारण पीक दरसाल बदलते, पण मातीची खोली पहारीने खणून कोणालाही पाहता येते.

प्रतबंदीचा कारकून सर्व्हे नंबराचे कागदावर भाग पाडी, प्रत्येक भागात खणून मातीची खोली हातांनी मापी, आणि कोष्टकावरून त्या भागाची प्रत लिही. पावणेदोन हात खोल, एकजीव, काळी जमीन म्हणजे सोळा आणे. तिच्याखाली चौदा, बारा, दहा असे उतरत शेवटच्या, नवव्या वर्गाला दोन आणे. चुनखडी असली, वाळू मिसळलेली असली, जमीन उताराची असली किंवा तिच्यावरून पाण्याचा लोंढा जात असला, तर अशा प्रत्येक दोषागणिक तो भाग एकेक वर्ग खाली उतरे. खोलीवरून सुपीकता आणि दोषावरून वजावट, असे हे नियमबद्ध गणित होते. आणि ते लिहिणाऱ्या कारकुनाला बीजगणिताचा गंधही असण्याची आवश्यकता नव्हती.

मातीचे आणे तीस वर्षांसाठी बांधता आले. आभाळाचे आणे बांधता येईनात. म्हणून दरवर्षीच्या हंगामाची आणेवारी वेगळी काढावी लागे: पेरलेले क्षेत्र, सर्वसाधारण वर्षाचे उत्पन्न आणि यंदाचे आणे यांचा गुणाकार म्हणजे पिकाचा अंदाज. यांपैकी पहिली संख्या मोजलेली, दुसरी मानलेली, आणि तिसरी उभ्या पिकावर नुसती नजर टाकून ठरविलेली. पीक चार आण्यांहून कमी आले तर त्या वर्षाची सारावसुली तहकूब व्हावी, असा मुंबई इलाख्यातील नियम होता, आणि १९१८ चा खेडा सत्याग्रह मुळात याच चार आण्यांवर पेटला. अतिवृष्टीने पीक चार आण्यांच्या खाली गेले, असे शेतकरी सांगत होते. सरकारी अंदाज त्याच्या वर होता. दोन्ही पक्ष त्याच शेतांकडे पाहत होते, आणि नजरेची शहानिशा करील असे साधन कोणापाशीच नव्हते.

ते साधन १९२० च्या दशकात बिहार-ओरिसा प्रांतातील जॉन हबक या मुलकी अधिकाऱ्याने शोधले. एकराचा ३२०० वा भाग व्यापणारी त्रिकोणी चौकट भाताच्या शेतात यदृच्छेने ठेवावयाची आणि तिच्या आतले तेवढेच भात कापून तोलावयाचे, ही त्याची रीत इतकी मोलाची ठरली की रोनाल्ड फिशरसारख्या संख्याशास्त्रज्ञानेही तिचे ऋण मान्य केले. पुढे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये हीच कल्पना काही फूट त्रिज्येच्या वर्तुळांवर बसविली. अशी लहान वर्तुळे झटपट कापता येतात, त्यामुळे तितक्याच खर्चात ती पुष्कळ ठिकाणी घेता येतात, हा त्यांचा युक्तिवाद होता.

त्याला आक्षेप घेतला तो सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. कापणाऱ्याचा विळा रेषेवर उभ्या असलेल्या रोपाशी येतो, तेव्हा ते आत धरावे की बाहेर, हा क्षणाचा निर्णय असतो, आणि हात बहुधा ते आत ओढतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात दर चौरस फुटामागे एक फूट सीमारेषा येते. ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद अशा तुकड्यात, म्हणजे आपल्या अर्ध्या गुंठ्यात, तेवढीच सीमा साडेपाच चौरस फुटांमागे येते. त्यामुळे तुकडा जितका लहान, तितकी चूक मोठी, आणि तीही नेहमी उत्पन्न फुगविण्याच्या बाजूला. तुकड्यांची संख्या कितीही वाढविली तरी ती धुऊन निघत नाही. सुखात्मे यांनी शेतावरच्या प्रयोगांनी हे दाखवून दिले. विनायक गोविंद पानसे यांच्यासह लिहिलेला त्यांचा १९५४ चा संख्याशास्त्रावरील ग्रंथ कृषिसंशोधकांच्या पिढ्यांनी हाताळला. आणि यदृच्छ संख्यांवरून शेतातली जागा ठरवून, खुंट्या ठोकून, दोरी ताणून, आतले पीक कापून, मळून तोलण्याचा पीक कापणी प्रयोग तलाठ्याच्या नित्याच्या कामांत येऊन बसला.

दशमान नाण्यांबरोबर आणेवारीची पैसेवारी झाली आणि दुष्काळ जाहीर करण्यासाठी पन्नास पैशांची मर्यादा आली. तुकड्याचे वजन आता नुसत्या नजरेवर ठरत नाही. मोठा वाद उरला आहे तो ज्या उत्पन्नाशी ते ताडून पाहावयाचे त्याविषयी. प्रधानमंत्री पीक विमा योजनेतील उंबरठा उत्पन्न मागील सात वर्षांपैकी सर्वोत्तम पाच वर्षांच्या सरासरीवरून निघते; मराठवाड्यासारख्या भागात सातांपैकी चार वर्षे कोरडी गेली, तर दोन गाळूनही दोन उरतातच, उंबरठा तेवढा खाली येतो, आणि पाचव्या कोरड्या वर्षी शेतकऱ्याच्या पदरी पडणारी भरपाई त्या मानाने घटते.