मूल भाषा कसे शिकते: काशीतील मराठी घरांचे उदाहरण

वाराणसीत मणिकर्णिका घाटाला लागूनच शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी तो १८३० च्या सुमारास बांधला. तेथून प्रवाहाच्या दिशेने गेल्यास भोसले घाट, पंचगंगा, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट लागतात. या परिसरातील गल्ल्यांमध्ये मराठी कुटुंबे अनेक पिढ्या राहत आली आहेत. पैठणहून आलेले भट्ट घराणे सोळाव्या शतकात काशीत स्थायिक झाले. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट याच घराण्यातील होते.

अशा घरातील मुलाच्या कानावर आत मराठी पडते आणि उंबरठ्याबाहेर हिंदी व काशिका, म्हणजे बनारसची भोजपुरी. मूल भाषा कशी मिळवते आणि मिळवलेली भाषा कशी गमावते, हे दोन्ही प्रश्न येथे एकाच अंगणात उभे राहतात.

आधी कान, मग जीभ

गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांतच मूल आवाज ऐकू लागते आणि जन्मल्यावर आईचा आवाज ओळखते. सहाव्या-सातव्या महिन्यात 'बाबाबा'सारखी अक्षरे सुरू होतात, वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो आणि दोन वर्षांच्या सुमारास मूल दोन शब्द जोडू लागते. पण खरे काम त्याआधीच झालेले असते. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांची बालके हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतील फरक सहज ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बालकांना मात्र तो ओळखता आला नाही. जे ध्वनिभेद कानावर पडत नाहीत त्यांच्याकडे मूल पहिल्या वर्षातच दुर्लक्ष करू लागते.

'त' आणि 'ट' मराठीत व हिंदीत दोन्हीकडे असल्याने काशीतील मुलाला तेथे अडचण नाही. 'ळ' मात्र प्रमाण हिंदीत नाही. मराठी 'चमचा'तील 'च' हिंदी 'चम्मच'मध्ये सापडत नाही. हे ध्वनी गल्लीत मिळणार नाहीत, ते घरातल्या माणसांकडूनच मिळावे लागतात.

व्याकरणाचेही तसेच आहे. मूल केवळ अनुकरण करत नाही, नियम शोधते. 'बसला', 'पडला' या धर्तीवर ते 'केला'ऐवजी 'करला' म्हणते, तेव्हा ते मोठ्यांकडून न ऐकलेले रूप स्वतः घडवत असते. चूक असली तरी ती प्रगतीची खूण आहे. मराठीत तीन लिंगे आहेत, हिंदीत दोन. 'पुस्तक' मराठीत नपुंसकलिंगी तर हिंदीत स्त्रीलिंगी असल्याने दोन्ही भाषांत वावरणारे मूल 'माझी पुस्तक' म्हणून जाते. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेदही हिंदीच्या एकट्या 'हम'मध्ये मावत नाही. समोरच्याला सामील करून बोलायचे की वगळून, हे मराठी मुलाला प्रत्येक वेळी ठरवावे लागते.

दोन भाषांचा भार?

दोन भाषांमुळे मूल गोंधळते किंवा उशिरा बोलते, ही समजूत अजूनही टिकून आहे. भाषेच्या अभ्यासकांना ती मान्य नाही. दोन भाषांची सरमिसळ हा गोंधळ नसून मोठ्या द्विभाषिकांचीही सवय आहे. एकेका भाषेतील शब्द कमी असू शकतात, परंतु दोन्हींची बेरीज केली तर संख्या सहसा एकभाषिक मुलाइतकी भरते.

धोका वेगळाच आहे. बेल्जियममधील ॲनिक दे हाउवर यांनी २००७ मध्ये सुमारे १,९०० कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. या सर्व घरांत किमान एक पालक परिसरातील भाषेव्यतिरिक्त दुसरी भाषा बोलत होता. तरीही सुमारे एक चतुर्थांश घरांतील मुले ती दुसरी भाषा बोलत नव्हती. आई-वडील दोघेही घरात ती भाषा बोलत असतील तेथे ती टिकण्याची शक्यता अधिक होती. शाळा सुरू झाली की परिसराची भाषा मित्र, अभ्यास आणि खेळ घेऊन घरात शिरते. मूल हिंदीत उत्तर देऊ लागते, वडीलधारेही हिंदीकडे वळतात आणि मराठी केवळ समजण्यापुरती उरते.

काशीच्या इतिहासात या प्रवासाची दुसरी बाजूही दिसते. बाबुराव विष्णु पराडकर यांचा जन्म १८८३ मध्ये काशीतील मराठी कुटुंबात झाला. १९२० मध्ये सुरू झालेल्या 'आज' या दैनिकाचे संपादक म्हणून त्यांनी हिंदी पत्रकारितेची भाषा घडवली. त्यांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर देवघर भागातले. त्यांनी बंगालीत 'देशेर कथा' हा १९०४ चा ग्रंथ लिहिला आणि पराडकरांनी तो हिंदीत आणला. मामा आणि भाचा दोघेही मराठी, ग्रंथ बंगाली आणि अनुवाद हिंदी.

भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्यघटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५०-क हे कलम घालण्यात आले. पुरेशा सोयी उपलब्ध करून देण्याचा प्रयत्न करण्याची जबाबदारी ते राज्यांवर आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकते. शाळेपूर्वीची पाच-सहा वर्षे मात्र त्याच्या कक्षेबाहेर, घरातच राहतात.