तंबोऱ्यामागचा गवई

कल्याण गायन समाज १९२६ मध्ये स्थापन झाला. ‘देवगंधर्व’ भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्या स्मरणार्थ तो महोत्सव भरवीत आला आहे. तेथील ख्यालाची बैठक म्हणजे चार-पाच जणांचा मेळ होय: गवई, तबलजी, पेटीवादक आणि मागे दोन तंबोरे. पाश्चात्त्य अल्पवृंदात गायक व तंतुवादक यांची कामे स्वरलिपीने वाटून दिलेली असतात. येथे तंबोरा छेडणारा बहुधा शिष्यच असतो. गुरू श्वासासाठी थांबले की तोच आलापाचा धागा उचलून धरतो. त्यास वादक म्हणावे की गायक? मराठी त्याविषयी ‘साथीला बसला’ एवढेच म्हणते, आणि हा शब्दप्रयोग वस्तुस्थितीस धरूनच आहे.

सारंगीची कथा निराळी. गवयाच्या गळ्यातील मींड तिच्या गजावर उतरे. पेटीचे स्वर बांधलेले, तिला ते साधत नाही. मुख्यतः ह्याच आक्षेपावरून नभोवाणीने १९४० मध्ये पेटी वर्ज्य केली. मैफलीने ते मानले नाही. सोयीपुढे शास्त्र हरले, असेच म्हणावे लागेल.

मिरजेच्या तानपुऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. तो छेडीत गाणाऱ्या शिष्याचे नाव मात्र कार्यक्रमपत्रिकेत अनेकदा नसते.