टोमॅटोची चव गेली कुठे?

इथे अमेरिकेत सुपरमार्केटातला टोमॅटो दिसायला लालबुंद, पण चव पाण्याची. मंडळी, यामागे इतिहास आहे.

जुन्या जातींच्या कच्च्या टोमॅटोचा देठाजवळचा भाग गडद हिरवा असे. तो उशिरा पिके, त्यामुळे फळ एकसारखं लाल दिसत नसे. विसाव्या शतकात फळ सर्वत्र सारखं रंगणाऱ्या जाती निवडल्या गेल्या. तोडणी सोपी झाली, गिऱ्हाईकही खूष. २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकातल्या शोधनिबंधाने त्याची किंमत दाखवली. या निवडीत एक जनुक निकामी झालं होतं. तेच फळातलं हरितद्रव्य वाढवून साखर बनवायला मदत करतं! थोडक्यात, रंगापायी गोडी गेली.

चेरी टोमॅटोला मात्र आकाराचा फायदा आहे. लहान फळात साखर जास्त दाट असते. मी दरवर्षी लावतो तो नारिंगी 'सनगोल्ड'. जपानच्या तोकिता कंपनीची ही संकरित जात १९९२च्या सुमारास बाजारात आली. साल इतकी पातळ की जोराचा पाऊस झाला की फळ तडकतं. लांबच्या ट्रकप्रवासात त्याचा निभाव लागणं कठीण, पण बागेतून तोंडात टाकायला काय हरकत आहे?

तेव्हा गच्चीवर टोमॅटो लावणार असाल तर 'टिकाऊ' आणि 'एकसारखा लाल' हे शब्द पाहून बी घेऊ नका. ते गुण व्यापाऱ्याच्या सोयीचे. आपल्याला फळ फक्त स्वयंपाकघरापर्यंतच न्यायचंय! आणि हो, संकरित जातीचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच फळ येत नाही.