थंडी, डिझेल पिकअप आणि पेटता बोळा



चार दिवस झाले, पहाटेचा गारठा वाढलाय. काल शेजारच्या पोराची जुनी पिकअप सेल्फ मारून मारून दमली. लगेच एकजण म्हणाला, "डिझेल गोठलंय, खाली जाळ करा." हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरचं इंजिन १८९७ साली यशस्वी झालं, ते याच तत्त्वावर. हवा जोरात दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते, त्यात डिझेलचा फवारा पडला की आपोआप पेटतं. थंडीत मात्र ब्लॉक गार असतो, दाबलेल्या हवेची ऊब लोखंडच ओढून घेतं. त्यात ऑईल घट्ट, बॅटरी मंद, सेल्फ हळू फिरतो. मग पेटणार कसं? यावर उपाय म्हणून हीटर प्लग आले. आधी ते लाल होतात, मग सेल्फ मारायचा.

आपल्या भागात १९६६ साली टेल्कोचा कारखाना आला. आकुर्डीला बजाज टेम्पोची मॅटॅडोर बनायची. १९८८ साली टाटामोबाईल ही पिकअप निघाली. पिंपळे सौदागरला तेव्हा पवनेच्या काठानं शेती होती. बैलगाडीचा माल हळूहळू डिझेल गाडीत चढला. गाड्या आल्या, पण हीटर म्हणजे काय हे आम्हाला कुणी समजावलं नाही. चावी फिरवायची आणि सेल्फ मारायचा, एवढंच ठाऊक.

१९९४ चा जानेवारी. मेथी-कोथिंबीर भरून पहाटे गुलटेकडीला निघायचं होतं, गाडी चालू होईना. माल उन्हं वर येईपर्यंत थांबला तर भाव गेला. मीच धाकट्या भावाला म्हणालो, "बोळा पेटव, चेंबरखाली धर." डिझेलची एक नळी ठिबकत होती, ते अंधारात दिसलंच नाही. भडका उडाला. गाडी वाचली, भावाचा उजवा हात भाजला. आजही त्याची दोन बोटं नीट मिटत नाहीत, खुरपं डाव्या हातात धरतो.

नंतर फिटरनं बघितलं. चारपैकी तीन हीटर जळालेले, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी. डिझेल पाण्यासारखं पातळ होतं!

आता आकडे बघा. पुण्यात आजवरची नोंदलेली सगळ्यात कडक थंडी म्हणजे १७ जानेवारी १९३५, १.७ अंश. आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात हिवाळ्यातल्या डिझेलची वाहण्याची मर्यादा ३ अंश धरलीय, म्हणजे तिथपर्यंत ते वाहतंच राहिलं पाहिजे. आपल्या नेहमीच्या आठ-दहा अंशांत टाकीतलं डिझेल गोठत नाही. खरं गोठतं ते लडाखात. तिथं लोक डिझेलात रॉकेल मिसळायचे. २०१९ साली इंडियन ऑईलनं तिकडं उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं खास डिझेल दिलं. म्हणजे खऱ्या थंडीवरही उपाय तेलात शोधला, जाळात नाही.

तर मित्रांनो, हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबा. सेल्फ एका दमात दहा सेकंदांच्या वर मारू नका, मधे बॅटरीला दम द्या. थंडीआधी हीटर, टर्मिनल आणि डिझेल फिल्टरमधलं पाणी तपासून घ्या. तरीही नाहीच झाली, तर चार माणसं बोलवून धक्का द्या.

भाजी उशिरा गेली तर एका दिवसाचा भाव जातो. बाकीचं आमच्या भावाच्या हाताकडं बघा.

राम राम.