प्रेमदृश्यातल्या प्रकाशाची कुळकथा

हॉलिवूडच्या सुवर्णकाळातल्या प्रेमपटांत नायिकेचा क्लोज-अप एका ठरावीक पद्धतीने घेतला जाई. चेहऱ्याच्या रेषा किंचित मऊ केलेल्या असत, केसांभोवती उजेडाची कड असे आणि बुबुळांत प्रकाशाचा ठिपका चमके. ही पद्धत एका दिग्दर्शकाने शोधून काढलेली नाही. भिंगे, फिल्म, दिवे आणि सेन्सॉरचे नियम बदलत गेले तशी ती विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत आकाराला आली.

पडद्यावरचे प्रेम सुरुवातीला सरळ उन्हात चित्रित झाले. १८९६ साली एडिसनच्या कंपनीने न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे ‘द किस’ ही अर्ध्या मिनिटाहूनही छोटी फिल्म काढली. ‘द विडो जोन्स’ या नाटकातला चुंबनाचा प्रसंग मे अर्विन आणि जॉन राइस या त्यातल्याच नटांनी कॅमेऱ्यापुढे पुन्हा केला. तिथल्या स्टुडिओचे छप्पर उघडता येई आणि सबंध इमारत सूर्याच्या दिशेने फिरवता येई. उजेड भरपूर मिळावा आणि चेहरे स्पष्ट दिसावेत, एवढीच तेव्हाची अपेक्षा होती.

त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग टिपत नसे. त्यामुळे ओठ काळे, निळे डोळे फिके आणि त्वचेवरचा प्रत्येक डाग ठळक दिसे. जाड मेकअपने हे पूर्ण झाकले जात नसे. छायालेखकांनी उपाय शोधला तो छायाचित्रणात. धूसर, चित्रासारखी छायाचित्रे काढण्याची रीत तिथे आधीच रुळली होती. डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या ‘ब्रोकन ब्लॉसम्स’मध्ये (१९१९) लिलियन गिशचे मऊ क्लोज-अप हेन्ड्रिक सार्टोव्हने घेतले, तो मुळात व्यक्तिचित्रे काढणारा छायाचित्रकार होता. कार्ल स्ट्रसही त्याच परंपरेतला. त्याने धूसर प्रतिमा देणारे स्वतःचे भिंग बनवले होते. पुढे ‘सनराइज’साठी (१९२७) छायालेखनाचे पहिले ऑस्कर त्याला चार्ल्स रोशरसह मिळाले. भिंगापुढे पातळ जाळीचे किंवा रेशमी कापड ताणणे, काचेला व्हॅसलीनचा हात लावणे या युक्त्या लवकरच सर्वत्र रूढ झाल्या.

याच सुमारास दिव्यांची मांडणीही ठरत गेली. मुख्य दिवा चेहऱ्याला आकार देई, दुसरा मंद दिवा सावल्या सौम्य करी आणि पाठीमागचा दिवा केस व खांदे उजळून व्यक्तीला पार्श्वभूमीपासून वेगळे काढी. कृष्णधवल चित्रात रंगाची मदत नसल्याने या तिसऱ्या दिव्याला विशेष महत्त्व होते. क्लॅरेन्स ब्राउनच्या ‘फ्लेश अँड द डेव्हिल’मध्ये (१९२६) बागेतल्या रात्रीच्या प्रसंगी जॉन गिल्बर्ट काडी ओढतो. छायालेखक विल्यम डॅनियल्सने त्याच्या तळहातात छोटासा दिवा दडवला होता, त्यामुळे त्याचा आणि ग्रेटा गार्बोचा चेहरा काडीच्या उजेडानेच उजळल्यासारखा वाटतो. प्रेक्षकांना प्रेमाची चाहूल त्या उजेडातून लागते.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस सर्व रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म रुळली. बोलपटांत कार्बन-आर्क दिव्यांची गुणगुण ध्वनिमुद्रणात येऊ लागल्याने टंगस्टनचे शांत दिवे आले. त्यांचा तांबूस उजेड नव्या फिल्मला मानवला आणि चेहऱ्यावरच्या छटा अधिक बारकाईने उतरू लागल्या. त्याचा पुरेपूर उपयोग पॅरामाउंटमध्ये दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्ग आणि अभिनेत्री मार्लेन डीट्रिच यांच्या चित्रपटांत झाला. मुख्य दिवा तिच्या चेहऱ्यासमोर उंचावर ठेवला जाई. नाकाखाली फुलपाखराच्या आकाराची छोटी सावली पडे, गालांची हाडे उठून दिसत आणि गाल आत गेल्यासारखे वाटत. अशा प्रकाशासाठी गाजलेल्या ‘शांघाय एक्सप्रेस’च्या (१९३२) छायालेखनाबद्दल ली गार्म्सला ऑस्कर मिळाले.

जुलै १९३४पासून जोसेफ ब्रीनच्या कार्यालयाने प्रॉडक्शन कोडची, म्हणजे हॉलिवूडच्या सेन्सॉर नियमांची, सक्तीने अंमलबजावणी सुरू केली. कोड १९३०चाच, पण तोवर तो फारसा पाळला जात नव्हता. कामुक आणि लांबलेल्या चुंबनांवर बंधने आली, तेव्हा पडद्यावर जे करता येत नव्हते ते चेहऱ्याच्या क्लोज-अपवर सोपवले गेले. आधी सौंदर्य खुलवणारा प्रकाश आता कथेचेही काम करू लागला. ‘कॅसाब्लांका’मध्ये (१९४२) आर्थर एडसनने इन्ग्रिड बर्गमनला बहुतांशी डाव्या बाजूने टिपले, भिंगावर जाळी लावली आणि डोळ्यांत चमक येईल असे दिवे योजले. तिची घालमेल त्या डोळ्यांतच वाचायची असते. हा मऊपणा मुख्यतः नायिकांच्या वाट्याला येई; त्याच प्रसंगात नायकाचा चेहरा पुष्कळदा अधिक रेखीव आणि सावल्यांसह दिसतो.

या परंपरेतल्या एका दिव्याचे नाव मुंबईत जन्मलेल्या अभिनेत्रीशी जोडलेले आहे. मर्ल ओबेरॉनच्या चेहऱ्यावर १९३७ साली लंडनमधल्या मोटार अपघाताचे व्रण राहिले होते. ‘द लॉजर’च्या (१९४४) वेळी छायालेखक ल्यूसियन बॅलार्डने भिंगालगत एक छोटा दिवा बसवला. त्याचा उजेड थेट समोरून पडल्याने व्रणांच्या सावल्या पुसल्या जात. त्याला ‘ओबी’ म्हणू लागले आणि पुढे डोळ्यांत चमक आणण्यासाठी तो सर्रास वापरात आला. ओबेरॉन आणि बॅलार्ड १९४५मध्ये विवाहबद्ध झाले.

जॉर्ज स्टीव्हन्सच्या ‘अ प्लेस इन द सन’मध्ये (१९५१) एलिझाबेथ टेलर आणि माँटगोमेरी क्लिफ्ट यांचे चेहरे लांब पल्ल्याच्या भिंगाने इतक्या जवळून टिपले आहेत की पडद्यावर दुसरे काही उरत नाही. त्यानंतर ही पद्धत मागे पडू लागली. १९५३मध्ये आलेल्या सिनेमास्कोपच्या सुरुवातीच्या भिंगांतून जवळचा चेहरा फुगलेला दिसे, शिवाय रुंद पडद्यावर एकट्या चेहऱ्याभोवती मोकळी जागा फार उरे. रंगीत चित्रपट वाढले तसे व्यक्ती आणि पार्श्वभूमी वेगळी करण्याचे बरेचसे काम रंगच करू लागले. अधिक संवेदनशील फिल्ममुळे कमी दिव्यांत, प्रत्यक्ष स्थळी चित्रण शक्य झाले. प्रॉडक्शन कोडही १९६८मध्ये संपला आणि प्रेमदृश्यांची मदार एकट्या चेहऱ्यावर राहिली नाही. डीट्रिचवर वापरलेली प्रकाशाची मांडणी व्यक्तिचित्रांच्या स्टुडिओंत मात्र ‘बटरफ्लाय लायटिंग’ या नावाने आजही शिकवली जाते.