टाचेवाचून घोडेस्वारी

घोड्यास टाच मारली की घोडा चालतो, हे आम्हां मराठी माणसांस निराळे शिकवावे लागत नाही. शिलेदार-बारगिरांच्या कथा ऐकत आम्ही वाढलो. पण ज्या स्वाराच्या टाचेत जीवच उरलेला नाही, त्याने काय करावे? आज ज्या बाईंची हकीकत आपणांपुढे ठेवावयाची आहे, त्यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. अपंगांना घोड्यावर बसवून उपचार करण्याची जी पद्धत आज अनेक देशांत रूढ आहे, तिच्या इतिहासात या बाईंना अग्रस्थान दिले जाते.

लिस हार्टेल या डेन्मार्कच्या. जन्म 1921 चा. घोडेस्वारीत त्यांनी लहान वयातच नाव मिळविले होते. सप्टेंबर 1944 मध्ये, देश जर्मन फौजांच्या ताब्यात असताना, तेविसाव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला. त्या वेळी त्या गरोदर होत्या. मूल सुखरूप जन्मले. आईचे अंग मात्र लुळे पडले. हातांत हळूहळू बळ आले, पायही काही अंशी सावरले, पण गुडघ्यांखाली जे गेले ते कायमचे गेले. तरीही तीनच वर्षांनी, 1947 साली, त्या स्कँडिनेव्हियातील स्पर्धेत दुसऱ्या आल्या.

ही स्पर्धा ड्रेसाजची, म्हणजे घोड्यास शिकविलेल्या चाली डौलात करून दाखविण्याची. तीत स्वाराने पायांनी दिलेला इशारा हाच घोड्याशी बोलण्याचा मुख्य मार्ग. हार्टेलबाईंना तो बंद होता. त्यांनी आपल्या ज्युबिली नावाच्या घोडीला दुसरी भाषा शिकविली. अंगाचा भार किंचित इकडे, किंचित तिकडे; पाठीचा ताण, कमरेचा दाब. टाच गेली, पण मांड राहिली, असे आम्ही म्हणू. खोगिरावर चढण्या-उतरण्यास मात्र त्यांना नेहमी दुसऱ्याचा हात लागे.

शरीराची अडचण अशी ओलांडली, तरी नियमांची भिंत होतीच. ऑलिंपिकमधील या खेळात स्त्रियांस मज्जाव होता, आणि लष्करातील स्वार असेल तर तो अधिकारीच असला पाहिजे, अशी अट होती. तिचा एक मासलेवाईक दाखला आहे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. पुढे उघड झाले की त्यातील गेनॅल पेर्सन हा मुळात सार्जंट असून त्यास केवळ खेळांपुरते अधिकारी केले होते. पदक काढून घेण्यात आले. घोडा तोच, स्वार तोच, चाली त्याच. उणीव होती ती फक्त हुद्द्याची! या प्रकरणाने नियमांचा फोलपणा जगापुढे आला, आणि 1952 पासून सार्जंटांस व स्त्रियांस दार उघडले. त्या वर्षी चार स्त्रिया उतरल्या. पेर्सनही आला, आणि त्याच तिघा स्वारांच्या स्वीडिश संघाने सांघिक सुवर्णपदक पुन्हा जिंकले.

तो जुलै महिना हेलसिंकीचा. आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीतील कांस्यपदक मिळविले ते याच ठिकाणी, 23 तारखेस. त्यानंतर आठवड्याच्या आतच हार्टेलबाई मैदानात आल्या. स्वीडनचे आंरी सँ सीर 561 गुणांनी पहिले आले. हार्टेलबाई 541.5 गुणांनी दुसऱ्या, आणि फ्रान्सचे आंद्रे जूसोम 541 गुणांनी तिसरे. अर्ध्या गुणाचे अंतर! विजयमंचावर चढताना सँ सीर यांनी त्यांना आधार दिला, आणि या बाई धड चालूही शकत नाहीत हे अनेकांस तेव्हा कळले.

याच वर्षी ऑगस्टपासून कोपनहेगनात पोलिओची भीषण साथ पसरली. ब्लेगडॅम इस्पितळात श्वासाचे स्नायू निकामी झालेल्या रोग्यांस जगविण्यासाठी वैद्यकीचे विद्यार्थी रात्रंदिवस पाळीपाळीने रबरी पिशव्या हाताने दाबीत बसत. ज्या देशाच्या घराघरांत या रोगाची धास्ती होती, तेथे हार्टेलबाईंच्या पदकाकडे लोक निव्वळ खेळातील यश म्हणून पाहणे शक्यच नव्हते.

तथापि येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'घोड्याने त्यांना बरे केले' असे पुष्कळदा सांगतात. ते खरे नाही. 1956 साली ऑस्ट्रेलियाच्या पशु-निर्बंधांमुळे अश्वस्पर्धा मेलबर्नऐवजी स्टॉकहोमला झाल्या. तेथेही त्यांनी ज्युबिलीवर रौप्यपदक मिळविले, आणि तेथेही त्यांचे पाय 1944 नंतर होते तसेच अधू होते. त्या बऱ्या झाल्या नाहीत, तरी जिंकल्या. आमच्या मते गोष्टीतील सारे बळ यातच आहे. रोग हटल्यावाचून माणूस कामाचा नाही, हा समज फार खोलवर रुजलेला असतो.

घोड्याचा उपयोग आहे तो असा. घोडा संथ चालतो तेव्हा स्वाराची कंबर पुढेमागे, वरखाली आणि दोन्ही बाजूंस हलते. माणूस चालताना हलते जवळजवळ तशीच. ज्या मुलाने कधी पाऊलच टाकले नाही, त्याच्या धडास चालण्याचा अनुभव असा बसल्या जागी मिळतो. तोल सांभाळता सांभाळता पाठीचे स्नायू कामास लागतात, जनावराच्या अंगच्या उबेने ताठरलेल्या मांड्या सैल पडतात. नॉर्वेत एल्सेबेट बोट्केर या फिजिओथेरपिस्ट बाईंनी 1950 नंतरच्या दशकात अपंग मुलांस तट्टांवर बसविण्यास प्रारंभ केला. ब्रिटन व अमेरिका येथे 1969 साली या कामाच्या राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या. 1996 च्या अटलांटा पॅरालिंपिकपासून हा खेळ तेथेही रुळला. हार्टेलबाई 2009 साली वारल्या.

हा उपचार सर्वांस चालत नाही. मणक्यांचे वा मानेचे सांधे ढिले असतील, हाडे ठिसूळ असतील, फेपरे आटोक्यात नसेल, तर वैद्याच्या संमतीवाचून घोड्याजवळ जाऊ नये. आणि जेथे हे काम नीट चालते तेथे नवशिक्या मुलास कोणी एकटे सोडीत नाही: एक जण लगाम धरून पुढे, दोघे दोन्ही बाजूंस, आणि मध्ये शांत स्वभावाचे, फारसे उंच नसलेले तट्टू.