घोरपड आणि तेगू
तेगू हा दक्षिण अमेरिकेतला मोठा सरडा. पिल्लू असल्यापासून रोज शांतपणे हाताळले तर तो माणसाळतो. मात्र त्याला ऊब, अतिनील प्रकाश आणि उकरायला खोल माती हवी. वर्धा नदीकाठच्या पुलगाव परिसरात त्याच्या जवळपासचा प्राणी म्हणजे घोरपड. दोघांचीही जीभ सापासारखी दुभंगलेली, पण कुळे वेगळी.

घोरपड शेपटीसह पावणेदोन मीटरपर्यंत वाढते. सकाळी बांधावर ऊन खाते, मग जीभ लवलवत गंध टिपत किडे, खेकडे, उंदीर, अंडी हुडकते. स्वतःची अंडी पुष्कळदा वारुळात घालते. कोंडीत सापडली की अंग फुगवून फुसकारते, शेपटीचा फटका मारते. विषारी समजून तिला ठेचणे हा निव्वळ अन्याय आहे. मांस-कातड्यासाठी तिची शिकार होते. नराचे वाळवलेले जननेंद्रिय तर ‘हत्थाजोडी’ नावाची मुळी म्हणून भोळ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये ती असल्याने तिला पकडणे वा पाळणे गुन्हा आहे. घरात शिरल्यास दार उघडे ठेवून दूर व्हावे आणि वनविभागाला कळवावे.